देवाचं नाव घेईपर्यंत

आमच्या घरी थंडी हवेतून यायची नाही, पत्र्याच्या पेटीतून यायची. आरेच्या झाडांतून पहाटे एखादी गार झुळूक आली की आई कॉटखालची पेटी ओढायची आणि डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरायचा. आतून माझा स्वेटर निघायचा, जो दर वर्षी आखूड झालेला असायचा, बाबांची कानटोपी निघायची आणि आईची शाल निघायची, जी ती नऊवारीवरून उपरण्यासारखी बांधून चुलीपुढे बसायची. मुंबईच्या माणसाला थंडी फारशी वाजत नाही, पण तो ती गणपतीसारखी बसवतो. शेजारचे नार्वेकर दारात पालापाचोळा पेटवून हात शेकत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "काश्मीर झालाय रे काश्मीर" असं सांगायचे. पालघरच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. त्यांना हसायचा अधिकार मला आता राहिलेला नाही, कारण परवाच माझ्या जावयानं फोनवर हवामान बघून आधी कुत्र्याला स्वेटर घातला, मग मुलाला.

गोरेगावकडून आरेत शिरताना नाक्याच्या अलीकडे बैठ्या खोल्यांची एक रांग होती, तिच्यात शेवटची खोली आमची. मागे झाडी, पुढे मोकळं सपाट मैदान आणि मैदानात आमची पिकअप. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी ती जुनी घेतली आणि आरेच्या तबेल्यांना सरकी पेंडीची पोती पोचवायला लागले. त्यामुळे आमच्या घराला दोन वास होते, बाहेर पेंडीचा आणि आत आईच्या मसाल्याचा. थंडीच्या दिवसांत पहाटे ऊन पेज व्हायची, तिच्याबरोबर निखाऱ्यावर भाजलेलं सुकट, वर खोबरेल तेलाचा थेंब. बाबा पेज भुरकताना एवढा आवाज करायचे की नार्वेकरांना घड्याळ लागायचं नाही. आजही कुणी सूप न वाजवता प्यायलं की मला वाटतं, याला ते आवडलेलं दिसत नाही.

गाडी विकणारा घाटकोपरचा एक सरदारजी होता. सौदा झाल्यावर त्यानं बाबांना शेजारी बसवून गाडीच्या खोडी सांगितल्या. डिझेलची गाडी, थंडीत कुरकुर करते, हे त्यानं सांगितलं आणि मग म्हणाला, "सुबह ठंडी में चाबी आधी घुमाने का, भगवान का नाम लेने का, फिर सेल्फ मारने का." सेल्फ म्हणजे चावी शेवटपर्यंत फिरवून इंजिन जागं करायचं. अर्धी चावी कशाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. डॅशबोर्डवर एक लाल दिवा होता, तो जळालेलाच होता, त्याचं काम काय हेही कुणी विचारलं नाही. दुसऱ्या कुणाही गिऱ्हाइकानं "भगवान का नाम" म्हणजे एक क्षण थांबायचं, एवढाच अर्थ घेतला असता. पण बाबा मालवणकडचे. मालवणी माणसाला देवाचं नाव घे म्हटलं तर तो विचारतो, कुठल्या? आणि कुठलाच वगळून चालत नाही, कारण वगळलेला देव लक्षात ठेवतो. थोडक्यात सरदारजीनं सांगितलं देवाचं नाव घ्यायला, आणि बाबांनी घातलं गाऱ्हाणं.

ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ती प्रार्थना नसते, तो देवापुढे मोठ्यानं मांडलेला अर्ज असतो. एक जण घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून सही करतात. आमचे बाबा आदल्या संध्याकाळी बॉनेटवर गोणपाट आणि वर माझी लहानपणची गोधडी घालायचे. पहाटे ती काढायची, काचेवरचं दव पुसायचं, तेलपाणी बघायचं आणि मग सीटवर बसून उजव्या हातानं चावी अर्धी फिरवून धरायची, डावा हात छातीशी. दार उघडं, म्हणजे आवाज बाहेर जावा.

"बा देवा रवळनाथा! वेताळा, चव्हाट्या, बारा-पाचाच्या मानकऱ्यांनु! ह्या तुमचा लेकरू पोट भरूक मुंबैत इला आसा रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून आई, हातात उलथनं.

"त्याची ही गाडी थंडीन गारठली आसा. जो काय वाकडोनाकडो आसात तो सरळ कर, जी काय इडापीडा आसात ती बारा वाटेन भायर काढ रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई, मी आणि शेकोटीपाशी बसलेले नार्वेकर, जे गाऱ्हाण्याच्या वेळेला न चुकता खोकला थांबवायचे.

मग सेल्फ. आणि गाडी एका दमात सुरू. उन्हाळ्यात बाबा दोनच देवांत आटपायचे, पावसाळ्यात चार, थंडीत मात्र मूळपुरुषापर्यंत जायचे, आणि गाडी बरोबर चालू व्हायची. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या धर्मग्रंथात असेल असं मला वाटत नाही.

मला ती गाडी चालवायची होती. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. त्या सीटवरून तबेल्यांची कौलं वरून दिसायची, आणि आपल्या पायानं एवढं मोठं धूड हलतं याची मला हाव होती. कॉलेजात असताना आईच्या मागे लागून मी गोरेगावच्या मोटार शाळेत शिकले आणि पहिल्याच फटक्यात लायसन काढलं. पेढे घेऊन घरी आले. बाबांनी पेढा खाल्ला, लायसन उलटसुलट करून बघितलं, फोटो बरा आलाय म्हणाले, आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

"उद्यापासून मी नेऊ का गाडी?" मी विचारलं.

"तू कशी व्हरतलंस?"

"चालवत. पास झालेय मी."

"आरटीओन पास केल्यान. पण गाडी चालू करूक गाऱ्हाणा घालूक होया. आणि गाऱ्हाणा बायलमाणसान घालूचा नाय."

झालं. एवढंच. बाईनं गाडी चालवू नये असं ते कधीच म्हणाले नाहीत, ते त्यांना शोभलंही नसतं, पुढारलेले होते ते. बाईनं गाडी चालवावी, फक्त सुरू करू नये. मी रडले, अबोला धरला, आईनं दोन दिवस चहात साखर घातली नाही, पण बाबा ढिम्म. परंपरा ही मोठी सोयीची गोष्ट असते, आपल्याला नाही म्हणावं लागत नाही, पूर्वज म्हणतात. माझं लायसन देव्हाऱ्यात रवळनाथाच्या फोटोपुढे पडून राहिलं आणि त्याच्यावर रोज फूल चढायला लागलं. मी दिवसचे दिवस बाबांच्या शेजारच्या सीटवर बसून पोती मोजायची आणि त्यांच्या गिअरच्या हातावर डोळे लावायची.

या सगळ्यावर बोलायचा अधिकार एकाच माणसाला होता असं त्याचं स्वतःचं मत होतं, तो म्हणजे माझा मामा. मामा पार्ल्यात राहायचा, सरकारी कचेरीत होता आणि कशावरही विश्वास न ठेवण्यावर त्याचा फार विश्वास होता. आमच्याकडे आला की कोंबडीवडे खाता खाता तो बाबांच्या गाऱ्हाण्याची साल काढायचा. "भावोजी, इंजिनाला रवळनाथ कळत नाही हो. इंजिनाला डिझेल कळतं, हवा कळते." बाबा म्हणायचे, "तर मगे तुमी चालू करा थंडीत." मामा म्हणायचा, करीन की एकदा. ती वेळ यावी म्हणून मी मनातून फार वाट बघत होते, कारण देव खोटा ठरला तर चावी माझी होती.

ती वेळ आली ती एका भजनामुळे. आमच्या वस्तीत डबलबारी झाली, म्हणजे दोन भजनी बुवांची सवालजवाबाची झुंज, आणि बाबा आमच्या बुवांच्या मागे कोरसला होते. कोरसवाल्यानं सूर धरायचा असतो, बाबांनी समोरच्या बुवाचं मुंडकं धरल्यासारखा आवाज लावला. आम्ही जिंकलो. घरी आले तेव्हा बाबांच्या घशातून फक्त वारा येत होता.

आणि दुसऱ्या दिवशी आईची ऑर्डर होती. आईच्या हाताची चव वस्तीबाहेर पहिल्यांदाच निघाली होती, मुलुंडला एका हळदीला वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. पहाटेपासून ती वडे थापत होती. मामाही मुद्दाम मुक्कामाला आलेला, स्वेटर, मफलर आणि वर बाबांच्या कानटोपीपेक्षा मोठी कानटोपी घालून. त्या पहाटे खरंच गारठा होता. बॉनेटवरची गोधडी दवानं ओली झाली होती, म्हशींच्या नाकांतून वाफा निघत होत्या, आणि नार्वेकर काश्मीर सोडून थेट हिमालयात पोचले होते. पातेली गाडीत चढली, दोरीनं बांधली. बाबा सीटवर बसले, चावी अर्धी फिरवली, डावा हात छातीशी घेतला, तोंड उघडलं आणि "फस्स" असा आवाज आला.

पुन्हा प्रयत्न केला. फस्स. नार्वेकर सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि ओशाळले.

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. ते घाबरले होते. मामा पुढे झाला, मफलर मागे टाकला आणि म्हणाला, "उतरा भावोजी. आता विज्ञान बघा." बाबा उतरले. मामा बसला आणि देवाधर्माला एक क्षणही न देता त्यानं चावी थेट शेवटपर्यंत फिरवली. गाडी घुर्र घुर्र करून गप्प झाली. पुन्हा फिरवली. घुर्र. पांढरा धूर निघाला, सगळे खोकले, गाडी नाही निघाली. मामानं ॲक्सिलरेटर दाबून बघितला, सोडून बघितला, शेवटी डॅशबोर्डवर चापट मारून बघितली, जे विज्ञानात कुठे बसतं ते त्यानं सांगितलं नाही. आवाज बारीक होत गेला. बॅटरी उतरायला लागली होती.

"धक्का मारूया," कुणीतरी म्हणालं.

"हात लावशात तर बघा!" आई कडाडली. "माझी सोलकढी सांडात."

नार्वेकरांनी शेकोटीतलं जळतं लाकूड आणलं आणि इंजिनाखाली धरूया म्हणाले, ट्रकवाले तसंच करतात. खाली डिझेल ठिबकलेलं होतं. आईनं उलथनं उगारलं. "ता लाकूड मागे घे मेल्या, नायतर तुकाच तळतंय."

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. "तुका पाठ आसा मा गाऱ्हाणा?"

मला पाठ नसेल तर कुणाला असणार? मी बाबांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले, मान हलवली, तोंड उघडून काहीतरी म्हणायला गेले. फस्स. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मला नाही म्हणता येत नव्हतं. आई त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "चढ गो बाय. वडे निवतत."

मी चढले. बॅटरीत एकाच वेळचा जीव होता, हे इंजिनाच्या आवाजावरून मलाही कळत होतं. हे चुकलं असतं तर बाईनं गाऱ्हाणं घातलं म्हणून गाडी रुसली, असं पुढच्या सात पिढ्यांनी सांगितलं असतं. मला गाडी चालू व्हायला हवी होती, आणि त्याहून जास्त माझ्या तोंडून चालू व्हायला हवी होती. बाबांसारखीच चावी अर्धी फिरवली, घट्ट धरली, डावा हात छातीशी, आणि पहिला शब्द काढला तो एवढ्या मोठ्यानं की झाडावरचे कावळे उठले.

"बा देवा रवळनाथा! वेताळा, चव्हाट्या!" भीतीनं मी एकही देव सोडला नाही. मूळपुरुष घेतला, वाटेवरचा म्हसोबा घेतला, आईच्या माहेरची भवानी घेतली, जिला बाबा नेहमी विसरायचे. "आमचे बाबा डबलबारीत घसो फोडून बसलेत, मामान बॅटरी उतरवल्यान, आवशीन पहाटेपासून वडे तळलेत. जो काय वाकडो आसात तो सरळ कर रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई ओरडली. नार्वेकर ओरडले. आणि माझ्या कानानं ऐकलंय, मामाही ओरडला. नंतर तो जन्मभर नाही म्हणत राहिला.

सेल्फ मारला. घुर्र, घुर्र, एकदा खोकली, आणि लागली. अख्खी गाडी थरथरली, झाकणं वाजली, मागून ढगासारखा धूर निघाला. मी ॲक्सिलरेटर दाबला नाही. थंड इंजिनाला रेस करू नये, त्याला आपल्या पायांवर उभं राहू द्यावं, हे बाबांचं रोजचं बघून मला माहीत होतं. आवाज एकसारखा झाला तेव्हा मी बाबांकडे बघितलं. ते गुमान फिरून दुसऱ्या बाजूनं चढले आणि माझ्या शेजारी बसले. आई मागे पातेल्यांना धरून बसली. मामा गर्दीत कुठेतरी विज्ञान शोधत राहिला.

आरेतून पवईला निघणारा रस्ता त्या वेळी धुक्यात बुडालेला असायचा. काचेवर आतून वाफ धरली, तर बाबांनी कानटोपी काढून पुसायला सुरुवात केली. रस्ता दवानं ओला होता. मी हळू चालले होते, तरी बाबांचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. पुढच्या वळणावर धुक्यातून अचानक म्हशी निघाल्या, एकामागे एक. मी ब्रेक करकचून मारला नाही, टप्प्याटप्प्यानं दाबला, गिअर खाली घेतला आणि गाडी म्हशीच्या शिंगाच्या हातभर अलीकडे थांबली. मागे एकही पातेलं हललं नाही. बाबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आवाज आला नाही, तसं त्यांनी नुसती काच पुसली, स्वच्छ असलेली. वडे मुलुंडला पोचले तेव्हा अजून फुगलेले होते.

घरी परतल्यावर मात्र बाबांनी हात पुढे केला. मी चावी दिली. त्यांनी ती कमरेला खोचली. ते काय ठरवतायत ते कळायला मार्ग नव्हता, आवाज नव्हता आणि खाणाखुणाही ते करत नव्हते. तबेल्यांना पेंड दुसऱ्याच्या टेंपोनं गेली. मी पेजेच्या थाळीकडे बघत बसायची. आई चहात साखर घालत होती, पण पाव चमचाच. एकदा ते पहाटे उठून मैदानात गेले, गाडीजवळ उभे राहिले, परत आले आणि झोपले. मला वाटलं, झालं, देव्हाऱ्यातल्या लायसनवर आता जन्मभर फुलं पडणार.

मग एका सकाळी मला जाग आली ती गाऱ्हाण्यानंच. आवाज घोगरा होता, पण बाबांचाच. मी गोधडीतून कान दिला. रवळनाथ झाला, वेताळ झाला, चव्हाटा झाला, आईच्या माहेरची भवानीही झाली. मग गाऱ्हाणं थांबलं. सेल्फचा आवाज येईना. मी दाराशी आले. गाडीचं दार उघडं होतं, चावी लावलेली होती आणि सीट रिकामी होती. बाबा खाली मातीत उभे होते, कानटोपी काखेत, दोन्ही हात जोडलेले. मला बघून चिडले.

"निजलंस काय गो? मी हयसर महाराजाक धरून उभो आसय. चावी कोण फिरवतलो, तुझो मामा?"

असा तोडगा त्यांनी काढला होता. गाऱ्हाणं पुरुषानं घालायचं, ते त्यांनी घातलं. चावी कुणी फिरवायची याबद्दल पूर्वज काही बोललेले नव्हते, कारण पूर्वजांकडे बैलगाडी होती. त्या दिवसापासून मी आत बसून चावी अर्धी धरायची आणि बाबा खिडकीशी उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. लोकांना वाटायचं ते मला गाडीवर बसवून सोडायला आलेत. मी तबेल्यांची सगळी पेंड पोचवली, आईच्या सगळ्या ऑर्डरी पोचवल्या, आणि नंतर तोच माझा धंदा झाला.

पुढे कधीतरी गाडीच्या वायरिंगचं काम निघालं. मरोळच्या इलेक्ट्रिशियननं तो जळालेला लाल दिवा बदलला आणि समजावून सांगितलं. चावी अर्धी फिरवली की इंजिनातला हीटर तापतो, थंडीत जास्त वेळ लागतो, दिवा विझला की सेल्फ मारायचा. भगवान का नाम म्हणजे एवढंच होतं. मी हळूच बाबांकडे बघितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे महाराजाक आता दिवो लागलो."

दुसऱ्या पहाटे थंडी होती. मी चावी अर्धी फिरवली, लाल दिवा लागला. खिडकीशी बाबा सुरू झाले. दिवा विझला तेव्हा ते अजून वेताळापाशीच होते. गाडी तयार होती, मी सेल्फ मारू शकले असते. बाबांनाही दिवा दिसत होता, त्यांनी तो विझलेला बघितला आणि तरी पुढे चालू ठेवलं, आणि शेवटाला माझ्यासाठी, त्यांच्या मुलीसाठी, एक वाक्य आलं जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"माझ्या चेडवाच्या हातात चावी आसा, ती तिच्याच हातात ऱ्हवांदे रे महाराजा."

मी सेल्फ मारला नाही, आधी "व्हय म्हाराजा" म्हटलं.